दहा आण्यांचे ऋण

सिकंदराबादेला आपल्यातील जुनी माणसे अजूनही ‘लष्कर’ म्हणतात. सुलतानबाजाराहून किंवा काचीगुड्याहून निघून, हुसेनसागराच्या बांधावरून लष्करात जायचे म्हणजे आमच्या लहानपणी एक लहानसा प्रवासच असे. त्याच बाजूला, बेगमपेठेत, जुन्या विमानतळाजवळ एक जुनी इमारत उभी आहे. आज ती उस्मानिया विद्यापीठाकडे असून सर रोनाल्ड रॉस यांचे नाव तिला दिलेले आहे. रस्त्यावरची वर्दळ तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मीही त्या बाजूने कितीतरी वेळा गेलो असेन. पण तेथे काय घडले होते हे जाणून घेण्याची बुद्धी मला चाळिशी उलटल्यावर झाली.

२० ऑगस्ट १८९७ या दिवशी याच बेगमपेठेत एका लष्करी डॉक्टराने सूक्ष्मदर्शक यंत्राखाली एका डासाचे पोट उघडले आणि त्यात हिवतापाच्या जंतूची खूण पाहिली. त्या क्षणापर्यंत माणसाच्या रक्तातला हा जंतू बाहेर पडून जातो कुठे, हे जगात कोणालाही ठाऊक नव्हते. आज २० ऑगस्ट हा दिवस जगभर ‘डास दिन’ म्हणून पाळला जातो. आपल्या शहरावरून ओळखल्या जाणाऱ्या गोष्टी म्हटल्या की आपण चारमिनार सांगतो, मोती सांगतो, बिर्याणी सांगतो. लाखो माणसांचे प्राण वाचवणाऱ्या या शोधाचे नाव मात्र आपल्या तोंडी सहसा येत नाही.

मी वैद्यकीतला माणूस नव्हे. गाणे शिकवणे हा माझा व्यवसाय. तेव्हा हिवतापावर लिहिण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील तर ते योग्यच होईल. त्याचे उत्तर एका मुलीच्या आजारपणात आहे. तेथूनच सुरुवात करतो.

एकांतरा ताप

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे संध्याकाळच्या वर्गाला येणारी चौदा वर्षांची एक विद्यार्थिनी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, गायली, आणि चौथ्या दिवशी पुन्हा गैरहजर. तिच्या आईचा फोन आला. “गुरुजी, परवा थंडी वाजून ताप आला. काल अगदी बरी होती, म्हणून पाठवली. आज दुपारी बरोबर त्याच वेळेला पुन्हा हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. आता घामाने चिंब होऊन झोपली आहे.”

एक दिवसाआड, ठरल्या वेळेला येणारा ताप! आमच्या आजीच्या बोलण्यात ‘एकांतरा’ हा शब्द असे, तो मला एकदम आठवला. आपले वैद्य या जातीच्या तापाला विषमज्वर म्हणत आणि त्याचे तृतीयक, चातुर्थिक असे दिवसांवरून प्रकार करीत. मी तिच्या आईला म्हटले, “उद्याची वाट पाहू नका, आजच रक्त तपासून घ्या.” तपासणीत हिवतापच निघाला. ‘व्हायव्हॅक्स’ जातीचा, म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. औषधाने मुलगी बरी झाली. मात्र डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. ताप उतरला तरी चौदा दिवसांच्या गोळ्यांचा क्रम मध्येच सोडायचा नाही. कारण या जातीचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात.

हा ताप असा घड्याळ लावल्यासारखा का येतो, या कुतूहलाने मी पुस्तके चाळू लागलो. कारण समजले ते असे. हिवतापाचा जंतू आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, तिच्यातले द्रव्य खाऊन वाढतो आणि आपल्यासारखी अनेक पिल्ले तयार करतो. मग ती पेशी फुटते आणि सारी पिल्ले नव्या पेशींवर तुटून पडतात. लक्षावधी पेशी थोड्याफार फरकाने एकाच वेळी फुटतात, आणि त्या फुटण्याबरोबर थंडी भरून ताप चढतो. व्हायव्हॅक्समध्ये हे आवर्तन अठ्ठेचाळीस तासांचे. गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने ही सांगड १८८५-८६ च्या सुमारास घातली. आयुष्यभर आवर्तने मोजत आलेल्या माझ्यासारख्याला या रोगाची अशी लय पाहून नवल वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

पण मग हा जंतू एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात पोचतो कसा? या प्रश्नाचा शोध घेत गेलो तो थेट बेगमपेठेत येऊन थांबलो.

दोन वर्षे भलत्याच डासांमागे

‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीवरून येणाऱ्या कुबट हवेने हा ताप येतो, अशी युरोपात शतकानुशतके समजूत होती. १८८० साली अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन येथे लाव्हेराँ नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टराने तापकऱ्याच्या रक्तात हलणारा जिवंत जंतू पाहिला, तेव्हा त्या समजुतीला पहिला धक्का बसला.

रोनाल्ड रॉस याचा जन्म अल्मोड्याचा, १३ मे १८५७ चा. मीरतेला शिपायांचा उठाव झाला त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी हा जन्मला. बाप इंग्रजी फौजेत अधिकारी. मुलाला ओढ कवितेची, चित्रकलेची, गणिताची आणि संगीतरचनेची. पण बापाच्या आग्रहाखातर तो डॉक्टर झाला आणि १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. वैद्यकीत त्याचे मन रमायला बरीच वर्षे गेली. १८९४ साली सुटीवर लंडनला असताना पॅट्रिक मॅन्सन या अनुभवी डॉक्टराने त्याला लाव्हेराँचा जंतू सूक्ष्मदर्शकातून दाखवला. या जंतूचे पुढचे आयुष्य डासाच्या पोटात जात असावे, हा मॅन्सनचा तर्क. तो सिद्ध करण्याचे काम रॉसने अंगावर घेतले आणि १८९५ च्या उन्हाळ्यात तो सिकंदराबादेच्या छावणीत रुजू झाला.

पुढची दोन वर्षे वाचताना मला वारंवार रियाजाची आठवण होत होती; आणि तीही चांगल्या अर्थाने नव्हे. स्वर चुकीच्या जागी लावून कितीही मेहनत केली तरी गळा तयार होत नाही, उलट चूक पक्की होते. रॉसची मेहनत अफाट होती, पण धरलेला डासच चुकीचा होता. करड्या रंगाचे आणि पट्ट्यापट्ट्यांचे, घरात सहज सापडणारे डास तो रोग्यांना चाववी आणि चिरून पाही. आज आपण त्यांना क्यूलेक्स आणि एडिस म्हणतो. हिवतापाचा जंतू त्यांच्यात वाढतच नाही. डासांच्या कोणत्या जाती असतात हे सांगणारे धड पुस्तकही तेव्हा त्याच्याजवळ नव्हते.

दुसरी चूक मॅन्सनच्या तर्कातच होती. त्याची समजूत अशी की, रोग्याला चावलेला डास पाण्यावर जाऊन मरतो, जंतू त्या पाण्यात उतरतात आणि ते पाणी पिणाऱ्याला ताप येतो. ही कल्पना पडताळण्यासाठी रॉसने असे डास मेलेले पाणी चक्क माणसांना पाजले. लक्ष्मण नावाच्या विशीतल्या एका नोकराला त्यानंतर काही दिवसांनी ताप आला आणि रॉसला वाटले, जिंकलो! पण इतरांच्या बाबतीत तसा अनुभव येईना, आणि ती वाट त्याला सोडावी लागली. हा भाग वाचताना मी थबकलो. लक्ष्मणला काय सांगून ते पाणी दिले असेल? नाही म्हणायची त्याची कितीशी प्राज्ञा असेल? संशोधनाच्या गौरवगाथेत हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पण ते विचारल्यावाचून ही कथा पुरी होत नाही.

याच सुमारास पटकीच्या साथीसाठी त्याला बंगळूरला धाडण्यात आले. पुढे १८९७ साली नीलगिरीच्या पायथ्याशी हिंडताना त्याला स्वतःलाच हिवतापाने गाठले. जूनमध्ये तो पुन्हा सिकंदराबादेस परतला.

भिंतीवरचा डास

ऑगस्टचा उकाडा. डास उडून जाऊ नयेत म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंगालाही तडा गेलेला, आणि डोळ्यांशी गुणगुणणारी चिलटे. अशा स्थितीत रॉस तासन्‌तास एकेक डास चिरीत बसे. डासाच्या पोटाची पिशवी केवढीशी, आणि तिच्यातही पेशीन्‌पेशी तपासायची!

१५ ऑगस्टला त्याच्या एका माणसाने डासांच्या अळ्या भरलेली एक बाटली आणून दिली. दुसऱ्या दिवशी त्यातून तपकिरी अंगाचे, पंखांवर ठिपके असलेले डास बाहेर पडले. असे डास रॉसने पूर्वी क्वचितच पाहिले होते. याच दिवसांत इस्पितळातल्या एका सहायकाने भिंतीवर बसलेला तसलाच एक डास त्याला दाखवला. हा डास इतरांसारखा भिंतीला समांतर बसला नव्हता. डोके भिंतीशी आणि शेपूट वर उचललेले, असा तिरपा बसला होता. हिवताप पसरवणारे ॲनॉफिलीस जातीचे डास ओळखण्याची ती खूण आजही शाळेच्या पुस्तकात दिलेली असते. त्या सहायकाचे नाव आपण विसरलो, याची खंत रॉसने पुढे स्वतःच नमूद करून ठेवली आहे.

ज्याचे नाव टिकले तो हुसेन खान. हा इस्पितळातला हिवतापाचा रोगी. १६ ऑगस्टच्या दुपारी त्याला मच्छरदाणीत निजवून हे ठिपकेवाले डास आत सोडण्यात आले. मोबदला ठरला होता डासामागे एक आणा. दहा डास रक्त पिऊन तृप्त झाले, आणि हुसेन खानाच्या पदरी दहा आणे पडले.

त्या दहांतले काही डास मेले, काही लगेच चिरून पाहिले, त्यांत काही सापडले नाही. २० तारखेच्या दुपारी रॉसने अडतीस क्रमांकाचा डास चिरला. पोटाच्या पडद्यात त्याला गोल, स्वच्छ पेशी दिसल्या, आणि त्यांच्यात काळे बारीक कण. ते काळे कण म्हणजेच खूण होती! कारण रक्तातल्या हिवतापाच्या जंतूच्या अंगात तसलेच कण असतात, आणि निरोगी डासाच्या पोटात ते कधीच आढळत नाहीत. दुसऱ्या दिवशी एकोणचाळिसावा डास चिरला, तर त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे जंतू डासाच्या पोटात नुसता जिवंत नव्हता, तो वाढत होता. त्या रात्री या कविमनाच्या डॉक्टराने एक कविताही लिहिली. १८ डिसेंबर १८९७ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याने हा शोध प्रसिद्ध केला, तो अवघ्या दोन डासांच्या बळावर.

आणि मग सरकारी खाक्याप्रमाणे जे व्हायचे तेच झाले. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. राजपुतान्यातील खेरवाडा या ठिकाणी त्याची रवानगी झाली, आणि तेथे हिवतापाचे रोगीच जवळजवळ नव्हते! १८९८ च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्यास पोचला. प्लेगच्या लशीच्या धास्तीने तेथील लोक बोट टोचू देईनात. तेव्हा मोहम्मद बक्ष या सहायकाला हाताशी धरून त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम चालवले. जुलै महिन्यात त्याने सारी साखळी पुरी केली. पोटातले जंतू पिकून फुटतात, डासाच्या लाळेच्या पिंडात उतरतात, आणि पुढच्या चाव्याबरोबर नव्या शरीरात शिरतात. पाणी पिण्याने नव्हे, डास चावल्याने. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचा वाहक ॲनॉफिलीसच, हे निर्विवाद दाखवले. श्रेयावरून रॉस आणि ग्रासी यांचे पुढे जन्मभर वाकडे राहिले. १९०२ सालचे नोबेल पारितोषिक रॉसला मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला नोबेलविजेता. लाव्हेराँला ते १९०७ साली मिळाले.

रॉसचे गणित

रॉसचा हा शोध सर्वांना ऐकून माहीत असतो. त्याचा दुसरा शोध तितकाच मोलाचा असून फारसा कोणाला ठाऊक नाही. डास रोग पसरवतात हे कळल्यावर लोक म्हणू लागले, “मग काय उपयोग? जगातले सगळे डास कोण मारणार?” रॉस गणिताचा नादी होता. त्याने आकडेमोड करून दाखवले की, सगळे डास मारण्याची गरजच नाही.

हे तत्त्व साध्या हिशेबाने समजते. एका मोहल्ल्यात दहा रोगी आहेत असे धरू. ते बरे होण्याआधी डासांमार्फत त्यांच्यापासून बारा जणांना लागण झाली, तर पुढच्या फेरीला चौदा-पंधरा होतील आणि साथ वाढत जाईल. पण डास कमी केल्यामुळे आठच जणांना लागण झाली, तर पुढे सहा, मग पाच, असे करता करता रोग आपोआप विझेल. डास शिल्लक असतील, चावतीलही. पण रोग टिकणार नाही. डासांची संख्या एका ठराविक पातळीखाली आणून तेथेच रोखून धरायची, एवढेच काम. रॉसने हा विचार १९१० सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. साथीच्या रोगांचे जे गणित आज सर्वत्र वापरले जाते, त्याचा पाया घालणाऱ्यांत रॉसची गणना होते. करोनाच्या दिवसांत ‘एक रोगी किती जणांना लागण करतो’ हा आकडा आपण रोज वर्तमानपत्रात वाचत होतो. त्याचे मूळ या विचारात आहे.

हे केवळ कागदावर राहिले नाही. सुएझ कालव्याच्या काठी इस्माइलिया नावाचे गाव हिवतापाने बेजार झाले होते. १९०२ साली कालव्याच्या कंपनीने रॉसला तेथे बोलावले. साचलेली डबकी बुजवणे, पाण्याला वाट काढून देणे, ज्या पाण्याला वाट नाही त्यावर तेल सोडणे, आणि हे आठवड्यामागून आठवडे न चुकता करीत राहणे, एवढ्यावर ते गाव काही वर्षांत रोगमुक्त झाले. त्यात चमत्कार कसलाच नव्हता. होता तो नियमितपणा.

विसरण्याची किंमत

आपल्या देशाची कहाणी या गणिताचा पुरावाच आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याला बळी पडत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव घराच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले. १९५८ साली उद्दिष्ट वाढवून समूळ उच्चाटनाचे करण्यात आले. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या घरात उतरली आणि मृत्यूंची नोंद शून्यावर आली. साडेसात कोटींवरून एक लाख!

येथेच घात झाला. रोग गेला असे समजून पैसा, माणसे आणि लक्ष सगळेच आटले. डीडीटीला न जुमानणारे डास निपजले. शहरांतल्या विहिरी, हौद आणि टाक्या यांच्याकडे मुळातच पुरेसे लक्ष नव्हते. शहरांसाठी वेगळी योजना आली ती १९७१ साली. १९७६ साली रोग्यांची नोंद चौसष्ट लाखांवर गेली. अकरा वर्षांत आपण कमावलेले बरेचसे गमावून बसलो होतो.

पुन्हा घडी बसवायला दशके लागली. २०१५ साली देशात हिवतापाच्या सुमारे ११ लाख ६९ हजार रोग्यांची नोंद झाली होती. २०२३ साली ती २ लाख २७ हजारांपर्यंत खाली आली. २०३० पर्यंत रोग नाहीसा करण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. जगाचे चित्र मात्र अजून भीषण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली हिवतापाने ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, आणि तीही पाच वर्षांच्या आतली बालके. त्या बालकांसाठी ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या लशीची शिफारस संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. ती लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. एका डासाच्या पोटापासून निघालेली वाट अशी पुन्हा आपल्या मुलखात येऊन पोचली आहे.

आणि आपल्या मुलखातून दुसरेही काही बाहेर गेले आहे. ‘ॲनॉफिलीस स्टिफेन्सी’ हा आपल्याकडच्या शहरांतला डास. रॉसचा ठिपकेवाला डास बहुधा हाच असावा असे मानतात. याला दलदल लागत नाही. घरावरची टाकी, अंगणातला हौद, वापरात नसलेली विहीर, असले स्वच्छ पाणी त्याला पुरते. हा डास २०१२ साली आफ्रिकेतल्या जिबूटीत आढळला आणि तेथून पुढे पसरला. तेथे हिवताप हा मुख्यतः खेड्यांचा रोग होता. आता शहरांना तो नवा धोका उत्पन्न झाला आहे.

आमची टाकी

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो.

विद्यार्थिनीला हिवताप झाल्याचे कळल्यावर आठवड्याभराने महापालिकेचा एक कर्मचारी मोहल्ल्यात घरोघर फिरत आमच्याकडे आला. साधारण पन्नाशीचा, हातात बॅटरी आणि पांढरा वाडगा. मी त्याला अंगणातल्या कुंड्या दाखवल्या, तुळशीवृंदावन दाखवले. सगळे कसे स्वच्छ आहे, हे सांगताना माझ्या बोलण्यात थोडी ऐटही असावी. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मास्टर साब, ऊपर की टंकी का ढक्कन?”

गच्चीवरच्या जुन्या सिमेंटच्या टाकीचे झाकण उन्हाळ्यातच फुटले होते. बदलू, बदलू म्हणत तीन-चार महिने गेले होते. तो वर चढला, वाडगा टाकीत बुडवून वर काढला आणि माझ्यापुढे धरला. पांढऱ्या वाडग्यात बारीक काड्यांसारख्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडव्या पडल्या होत्या. “ये लेटे हुए देखो,” तो म्हणाला. साध्या डासांच्या अळ्या पाण्यात डोके खाली करून लटकतात. ॲनॉफिलीसच्या अळ्या अशा आडव्या निजतात. पुस्तकात मी हे पुढे वाचले; त्या दिवशी मला ते एका कर्मचाऱ्याने दाखवले.

त्या टाकीच्या बरोबर खाली माझी गाण्याची खोली आहे. संध्याकाळी दिवे लागल्यावर तेथे दहा-बारा मुले बसतात. त्या मुलीला चावलेला डास आमच्याच टाकीतला होता, हे सिद्ध करता येणार नाही. नव्हता, असेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तिच्या आईला मी ही गोष्ट सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, आमच्या टाकीलाही झाकण नाही. आजच बसवून घेते.”

अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा साठवणीचे पाणी उपसून भांडी कोरडी केली, टाकीला घट्ट झाकण असले, आणि पडक्या विहिरीत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले, तर त्या घरातून डास बाहेर पडत नाही. डेंग्यूचा डास वेगळा, दिवसा चावणारा, कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यातही वाढणारा. पण त्यालाही हाच नियम लागू. रॉसचे सारे गणित आपल्या घरापुरते एवढ्यावर येऊन ठेपते. आपल्या जुन्या वाड्यांतून हौद, आड आणि पाण्याचे रांजण भरपूर. त्यांतले बरेच आता वापरात नाहीत आणि म्हणूनच कोणी त्यांत डोकावत नाही. ते धोक्याचे आहेत.

जाताना मी त्या कर्मचाऱ्याला त्याचे नाव विचारले. त्याला नवल वाटले. इतक्या वर्षांत घरोघर फिरताना कोणी नाव विचारले नव्हते, असे तो म्हणाला. विद्यार्थ्यांच्या हजेरीच्या वहीत शेवटच्या पानावर मी ते लिहून ठेवले आहे. येथे छापू का म्हणून विचारले, तर त्याने हसून मान हलवली. म्हणून छापत नाही.

हुसेन खानाचे दहा आणे त्या दुपारीच चुकते झाले. भिंतीकडे बोट दाखवणाऱ्या त्या सहायकाला काय मिळाले, याची नोंद नाही. माझ्या वर्गात आता दर शनिवारी, तानपुरा जुळेपर्यंत, दोन मुले बॅटरी घेऊन गच्चीवर जातात आणि झाकण पाहून येतात. गेल्या शनिवारी ती विद्यार्थिनी गेली होती. “गुरुजी, कोरडे आहे,” असे वरूनच ओरडून तिने सांगितले, आणि मग आम्ही गायला बसलो.